अमेरिकेत शाळेच्या इलेक्ट्रिक बस कुठे चार्ज करतात? आणि मग सगळ्याच बस इलेक्ट्रिक का होत नाहीत?

रस्त्यात चार्जिंग स्टेशनं लागतील का, असंही तुम्ही विचारलंय. नाही लागत. मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली आणि बस रात्रभर एकाच आवारात उभी. इलेक्ट्रिक करायला याहून सोयीचं वाहन नाही. मी इथे अमेरिकेत वीजजोडणीचे आराखडे करतो. गाडं आधी अडतं ते त्या आवारातल्या विजेपाशी.

हिशोब मांडून बघा. दिवसाला १०० किलोमीटर धावणारी बस ढोबळमानाने १०० युनिट खाते. १९ किलोवॉटच्या साध्या चार्जरवर ती पाच-सहा तासांत भरते. संध्याकाळी पाचला आलेली बस सकाळी सहाला निघते, म्हणजे हातात तेरा तास. तरी सगळ्यांना फास्ट चार्जरच हवा असतो! आता अशा ५० बस धरा. आल्या आल्या सगळ्यांनी प्लग लावला तर साडेनऊशे किलोवॉटचा भार एकदम पडतो. तीच वीज रात्रभर पाळीपाळीने दिली तर चारशेत भागतं. बिलातला डिमांड चार्ज हा आकार महिन्यातल्या सर्वांत मोठ्या भारावर लागतो, त्यामुळे पाळी लावणारं सॉफ्टवेअर स्वतःचे पैसे वसूल करून देतं. ट्रान्सफॉर्मर मिळायला मात्र वर्ष-दीड वर्ष सहज जातं. म्हणून मी सांगतो, बसची ऑर्डर नंतर, जोडणीचा अर्ज आधी.

थंडीत हीटर बॅटरी ओढतो. निघण्यापूर्वी, प्लग लावलेला असतानाच बस गरम करून घेतली की बरंच निभतं.

विजेहून मोठी अडचण किमतीची. इलेक्ट्रिक बस डिझेलच्या तिपटीच्या घरात जाते. २०२१च्या कायद्याने पर्यावरण खात्यामार्फत पाच वर्षांसाठी ५०० कोटी डॉलर ठेवले. पण देशात बस पावणेपाच लाखांच्या आसपास, त्यात ते कुठवर पुरणार? शिवाय बस बनवणाऱ्या कंपन्याही डळमळीत: कॅनडातल्या लायन इलेक्ट्रिकने २०२४च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाकडे धनकोंपासून संरक्षण मागितलं. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीने २०२१मध्ये वेगळी वाट धरली. ३२६ बसचा करार. बस आणि चार्जर कंपनीचे, शाळा वार्षिक रक्कम भरणार. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडने २०२४मध्ये ७४ बस दुहेरी चार्जरवर घेतल्या, म्हणजे उभी बस ग्रिडला वीज परतही देते. उन्हाळ्यात एसीमुळे विजेची मागणी वाढते, नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी. मला हे फार आवडतं.

पुण्या-मुंबईत हेच जमेल का? दोन सत्रांच्या शाळांत दुपारीही बस फिरतीवर असते, ते एक वेळ रात्रीच्या चार्जिंगवर निभेल. पण आपल्याकडे कितीतरी बस आणि व्हॅन एकेकट्या मालकांच्या, रात्री सोसायटीबाहेर रस्त्याकडेला लावलेल्या. तिथे चार्जर बसवायचा कुठे, आणि मीटर कुणाच्या नावावर? चार-पाच बसवाल्यांना रात्री शाळेच्या मैदानात जागा आणि जोडणी मिळाली, तर सुरुवात तिथून होऊ शकते.