न्यायाधीश धोरण स्वतःच्या मताने ठरवतात का?

न्यायाधीशांना जे धोरण योग्य वाटते तेच ते निकालातून लादतात का, असे आपण विचारले आहे. मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत अनेक वर्षे शिकवले. त्यामुळे आमच्या मुलांशी थेट संबंध असलेल्या एका खटल्याच्या आधारे उत्तर देतो.

कर्नाटक सरकारने १९९४ मध्ये आदेश काढून पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून देणे बंधनकारक केले. खासगी शाळांनी त्याला आव्हान दिले. २००८ साली उच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित शाळांपुरता तो आदेश कायम ठेवला, इतर शाळांपुरता रद्द केला. सर्वोच्च न्यायालयापुढे अडचण अशी होती की, कर्नाटकाच्या त्याआधीच्या अशाच धोरणाला सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांनी १९९३ मध्ये मान्यता दिलेली होती. तेवढ्याच संख्येच्या पीठाला तो निर्णय बाजूला सारता येत नाही; म्हणून प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेले आणि ६ मे २०१४ रोजी निकाल लागला.

त्या निकालातील एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाची वाटते. मूल मातृभाषेतून अधिक चांगले शिकते याबद्दल तज्ज्ञांचे एकमत असले, तरी शाळेला मान्यता देताना सरकार तशी अट घालू शकत नाही, असे घटनापीठाने म्हटले. म्हणजे कोणते माध्यम उत्तम, याचा निवाडा त्यांनी केलाच नाही. सक्ती करण्याचा अधिकार सरकारला आहे का, एवढाच प्रश्न त्यांनी हाताळला, आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालकच ठरवतील असे सांगितले. मुलाने मातृभाषेतूनच शिकावे असे माझे ठाम मत आजही आहे, तरीही हा निकाल मला योग्य वाटतो, कारण भाषेच्या सक्तीचा जाच सीमाभागातील माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मात्र या निकालाने आमच्या सरकारी मराठी शाळांना हवे असलेले शिक्षक मिळाले नाहीत, कारण ती मागणी त्या खटल्यात नव्हतीच. शाळा खासगी, त्यांचे म्हणणे व्यवसायस्वातंत्र्याचे आणि अभिव्यक्तीचे. सरकारी मराठी शाळेत बसलेले मूल त्या वादात पक्षकार नव्हते. त्याच्यासाठी संविधानात कलम ३५०-क आहे, ज्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावेत असे म्हटले आहे. आमच्या गावच्या पालकांना त्याचा आधार घ्यायचा असेल, तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे रिट याचिका (सरकारला आदेश द्यावा अशी मागणी करणारा अर्ज) करावी लागेल, आणि तिच्यासोबत शाळेची पटसंख्या, मंजूर पदे व रिक्त पदे यांचा तपशील जोडावा लागेल.