देवस्थानाचा कारभार आणि मठाची शाळा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

देवस्थानांची स्वायत्तता आणि धर्मसंस्थांनी चालविलेल्या शाळांचे हक्क यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. विश्वस्त संस्थांच्या कागदपत्रांचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्यामुळे कायदा काय म्हणतो याबरोबरच कचेरीत प्रत्यक्ष काय घडते, तेही जेथे गरज वाटली तेथे लिहिले आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका ग्रामदेवतेच्या देवस्थानाचा विश्वस्त आहे. सरकार आमच्यावर केव्हाही प्रशासक आणू शकते आणि हे फक्त हिंदूंच्याच बाबतीत घडते, असे गावात बोलले जाते. यात तथ्य किती?

उत्तर : निम्मे तथ्य आहे. आपले देवस्थान ज्या कायद्याखाली नोंदले आहे, तो १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम सर्व धर्मांच्या संस्थांसाठी केलेला आहे. चर्च, अग्यारी, जैन मंदिर यांच्या विश्वस्तांनाही आपल्याप्रमाणेच धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते, हिशेब तपासून द्यावे लागतात आणि जमीन विकण्यापूर्वी कलम ३६ खाली परवानगी घ्यावी लागते. वक्फ मालमत्तांना वेगळा कायदा आहे, पण त्यावरही शासनाने घडविलेल्या वक्फ मंडळाची देखरेख असतेच. विश्वस्ताला निलंबित करायचे किंवा पदावरून दूर करायचे, तर कलम ४१ड प्रमाणे त्याच्यावर आरोप ठेवून त्याचे म्हणणे ऐकावे लागते. 'केव्हाही' असे काही त्या कायद्यात नाही.

विषमता दिसते ती विशेष कायद्यांत. पंढरपूरसाठी १९७३ चा, प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८० चा, शिर्डीसाठी २००४ चा आणि शनिशिंगणापूरसाठी २०१८ चा, असे एकेका देवस्थानासाठी स्वतंत्र कायदे विधिमंडळाने केले. त्यांत व्यवस्थापन समिती नेमण्याचा अधिकार शासनाकडे आला. नांदेडच्या गुरुद्वारासाठीही १९५६ चा असाच स्वतंत्र कायदा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु अशा कायद्यांची मोठी यादी हिंदू देवस्थानांचीच आहे आणि तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र या राज्यांत तर हजारो मंदिरे शासनाच्या खात्याखाली किंवा त्याच्या देखरेखीखाली आहेत. हिंदू भाविकाला हे खुपते, आणि त्याचे खुपणे रास्त आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यायालयांनी मात्र शासनाला मोकळे रान दिलेले नाही. १९५४ साली शिरूर मठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की संप्रदायाच्या मालमत्तेच्या कारभारावर कायद्याने नियमन करता येईल, पण कारभाराचा हक्कच पूर्णपणे काढून दुसऱ्याच्या हाती देता येणार नाही. त्याच वर्षी आपल्याच १९५० च्या कायद्याची परीक्षा झाली, आणि धर्मादाय आयुक्तांनाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त म्हणून नेमण्यासारख्या काही तरतुदी त्या वेळी टिकल्या नाहीत. पुढे जानेवारी २०१४ मध्ये चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या बाबतीत न्यायालय आणखी स्पष्ट बोलले. गैरव्यवस्था असेल तर ती दूर करण्यापुरता आणि तेवढ्याच काळापुरता शासनाने कारभार हाती घ्यावा, दोष दूर झाला की तो परत द्यावा, असे त्या निकालाचे सार आहे.

गोम आहे ती पुढेच. संविधानाच्या अनुच्छेद २६ मधील, आपला धार्मिक कारभार आपण पाहण्याचा हक्क 'धार्मिक संप्रदायाला' किंवा त्याच्या शाखेला दिलेला आहे. चिदंबरमचे दीक्षितर पुजारी स्वतःला संप्रदाय म्हणून सिद्ध करू शकले; काशी विश्वनाथाच्या बाबतीत १९९७ साली तो दावा मान्य झाला नाही. ज्या देवळात सगळा गाव नवस बोलतो, ज्याच्या जत्रेत बारा बलुतेदारांचे मान ठरलेले असतात, ते देऊळ कोणत्या एका संप्रदायाचे म्हणायचे? जे देऊळ सर्वांत जास्त लोकांचे, त्यालाच संविधानाचे संरक्षण सर्वांत कमी, अशी ही विचित्र स्थिती आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे विधिमंडळाने आणि संसदेने प्रथम लक्ष द्यायला हवे.

एक गोष्ट अनुभवाची. लहान देवस्थानांची स्वायत्तता प्रशासक येऊन क्वचितच जाते. ती जाते बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा अर्ज, पडून राहिल्यामुळे. माझ्या माहितीतल्या एका देवस्थानात जुने अध्यक्ष वारले, रीतसर सभा झाली, नवे विश्वस्त निवडले गेले, कलम २२ खालचा बदल अर्ज मुदतीत दाखल झाला. आणि पुढची नऊ वर्षे तारखा पडत राहिल्या. परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कचेरीच्या नोंदीवर, जुनीच नावे असल्याने बँक नव्या सह्या घेईना. उत्सवाच्या आदल्या रात्री ओसरीवर सतरंजी टाकून दानपेटी मोजली जायची, नोटांच्या घड्यांतून नवसाच्या चिठ्ठ्या निघायच्या, पंचांच्या सह्यांनिशी पंचनामा लिहिला जायचा आणि मग ती रक्कम कपाटात कुलूप लावून ठेवली जायची, कारण कागदावर खाते चालविणारा माणूस हयातच नव्हता. आपला बदल अर्ज मंजूर झालेला आहे का, हे कृपया आधी तपासा.

प्रश्न : पंढरपूरचे मंदिर सरकारने घेतले ते चूक होते, तर ते पुन्हा बडव्यांकडे द्यावे असा आपल्या मताचा अर्थ होतो का?

उत्तर : अजिबात नाही. पंढरपूरची हकीकत विसरून मंदिरांच्या स्वायत्ततेवर बोलणे महाराष्ट्रात तरी अप्रामाणिकपणाचे ठरेल. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीमातेकडे उत्पात आणि त्यांच्या जोडीला पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे असे सेवाधारी, अशी पिढीजात हक्कांची उतरंड तेथे होती. देवापुढे पडणारे उत्पन्न ही घराण्याची मिळकत मानली जाई आणि तिच्यावर बोली लागे. दक्षिणेसाठी होणाऱ्या जाचाच्या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या. नाडकर्णी आयोगाच्या अहवालानंतर १९७३ चा कायदा झाला, त्याने हे वंशपरंपरागत हक्क रद्द केले, आणि सुमारे चार दशकांच्या न्यायालयीन लढाईनंतर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावर शेवटचे शिक्कामोर्तब झाले. त्याही आधी, १९४७ च्या मे महिन्यात, याच देवळाचे दार अस्पृश्य मानलेल्या भाविकांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले होते. असे हक्क गेले ते योग्यच झाले.

पण पिढीजात हक्क संपविणे ही एक गोष्ट आणि त्या जागी शासनाने आपल्या मर्जीची समिती बसविणे ही दुसरी. पहिली केली म्हणून दुसरी कायमची करावीच लागते, असे मुळीच नाही. अठरापगड जातींच्या दिंड्या वीसएक दिवस चालत ज्या देवाकडे येतात, त्याच्या घरचा कारभारी कोण असावा हे मंत्रालयात का ठरावे? समितीत वारकऱ्यांना पुरेसे स्थान हवे, ही मागणी वारकरी मंडळी सातत्याने करीत आली आहेत आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे.

निवडायचे कसे, हा प्रश्न अवघड आहे, हेही मान्य करतो. गोव्यात देवस्थानांचा कारभार महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाशी पिढीजात जोडलेल्या कुळांच्या, हाती आहे. पोर्तुगीज राजवटीत १८८६ साली माझानियांचा, म्हणजे महाजनांच्या संघांचा, नियम झाला, पुढे १९३३ साली तो नव्याने झाला, आणि आजही मामलेदार हे देवस्थानांचे प्रशासक मानले जातात. तेथे महाजनांची नोंदवही असल्यामुळे मतदार कोण हे ठरते, पण महाजन कोण आणि कोण नाही यावरून कज्जेही चालतात, शिवाय ते नाते कुळाचे असल्याने इतर भाविक बाहेरच राहतात. शीख समाजाने १९२५ च्या कायद्याने पंजाबातील गुरुद्वारांसाठी निवडून येणारी प्रबंधक समिती मिळविली. पंढरीला फडांची आणि दिंड्यांची परंपरा आहे; वारीत दिंड्यांना क्रमांक असतात आणि ते सांभाळले जातात. त्या नोंदींवरून मतदारयादी उभी करता येईल असे मला वाटते. समितीत स्त्रिया आणि सर्व जातींचे वारकरी असावेत, हिशेबाची तपासणी धर्मादाय आयुक्तांकडेच राहावी, आणि कारभार मात्र या समितीचा असावा.

हे अशक्य नाही, याचा दाखला विदर्भात आहे. शेगावचे गजानन महाराज संस्थान कोणत्याही विशेष कायद्याविना, साध्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या चौकटीत चालते. तेथे गाभाऱ्यापासून महाप्रसादाच्या पंक्तीपर्यंत पांढऱ्या वेषातले सेवाधारी राबताना दिसतात, आणि त्यांतले कित्येक पगाराविना सेवा करतात. १९८३ साली या संस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. २०२१ मध्ये दिवंगत झालेल्या शिवशंकरभाऊ पाटील यांनी या कारभाराला लावलेली शिस्त सर्वांच्या परिचयाची आहे.

प्रश्न : आमच्या मठाची खासगी शाळा आहे. शेजारच्या अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेला शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के प्रवेशांची सक्ती नाही, आम्हाला आहे. शिवाय 'कलम ३०अ' मुळे हिंदूंना शाळेत गीता शिकविता येत नाही, असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. हे खरे का?

उत्तर : आधी संदेशाचे. संविधानात '३०अ' नावाचा असा कोणताही अनुच्छेद नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ३० मध्ये एक उपखंड घातला गेला, तो अल्पसंख्याक संस्थेची जागा शासनाने संपादित केल्यास द्यावयाच्या मोबदल्याविषयी आहे. धर्मशिक्षणाचा नियम अनुच्छेद २८ मध्ये आहे आणि तो सर्व धर्मांना सारखा आहे. पूर्णपणे शासकीय पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खासगी शाळेत देता येते, मात्र विद्यार्थ्याच्या, तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय सक्ती करता येत नाही. तेव्हा आपल्या शाळेत गीता, ज्ञानेश्वरी, गाथा हे सारे शिकविता येईल. आपली तक्रार खरी आहे. तिला खोट्या संदेशाचा टेकू देऊ नये, कारण तो निघाला की खरी तक्रारही खोटी ठरते.

तक्रार खरी कशी, ते सांगतो. अनुच्छेद ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींनी असा हक्क इतरांनाही अनुच्छेद १९ आणि २६ खाली असल्याचे मान्य केले, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरेल असेही सांगितले. मात्र त्र्याण्णवाव्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद १५(५) ने खासगी संस्थांत राखीव प्रवेशांची मुभा शासनाला देताना अल्पसंख्याक संस्था वगळल्या, आणि २०१४ च्या प्रमती निकालाने संपूर्ण शिक्षण हक्क कायदाच त्यांना लागू होत नाही असे ठरविले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाच्या अचूकतेविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठविण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. इतर शाळांतील सेवारत शिक्षकांना मात्र २०२५ च्या याच निकालाने टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होण्याची अट घातली. अल्पसंख्याक शाळांचे उत्तर त्या मोठ्या पीठावर सोडले.

याचा परिणाम किती विचित्र होतो पाहा. मराठी माणसांनी बेळगावात काढलेली शाळा भाषिक अल्पसंख्याक म्हणून अनुच्छेद ३० च्या छत्राखाली येते. त्याच माणसांनी सांगलीत शाळा काढली तर येत नाही. मुंबईत हिंदूंनीच काढलेल्या गुजराती आणि सिंधी भाषिकांच्या महाविद्यालयांना हा दर्जा मिळतो. रामकृष्ण मिशनने पश्चिम बंगालमधील रहडा येथील आपल्या महाविद्यालयाचा कारभार टिकविण्यासाठी आपण वेगळा धर्म आहोत, असा दावा न्यायालयात केला. कलकत्ता उच्च न्यायालयाने तो मानला आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. विवेकानंदांनी स्थापन केलेल्या संस्थेवर 'आम्ही हिंदू नाही' असे म्हणण्याची वेळ यावी, याचे मला आजही अतोनात दुःख वाटते.

उपाय म्हणून शेजारच्या संस्थेचा हक्क काढून घ्या, असे मी म्हणणार नाही. तो हक्क फाळणीनंतरच्या काळात संविधानकर्त्यांनी विचारपूर्वक दिलेला शब्द आहे. अनुच्छेद ३० ची व्याप्ती सर्व समाजांपर्यंत वाढवावी, असे खासगी विधेयक १९९५ साली लोकसभेत सय्यद शहाबुद्दीन यांनी मांडले होते; पुढे सत्यपाल सिंह यांनीही अनुच्छेद २६ ते ३० मध्ये दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले. दोन्ही संमत झाली नाहीत, पण दिशा तीच योग्य आहे. गरीब मुलांच्या पंचवीस टक्के जागांबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. ते ओझे सर्वांनी सारखे उचलावे. मठाच्या शाळेत शेतमजुराच्या मुलीला बाक मिळणे हे मठाच्याच कामात मोडते. शासनाकडून या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती वेळेवर मिळत नसेल, तर त्यासाठी अवश्य भांडावे, आणि त्या भांडणात शेजारच्या शाळेलाही बरोबर घ्यावे.

प्रश्न : आमच्याकडे बारा मुलांची वेदपाठशाळा आहे. तिला शिक्षण हक्क कायदा लागतो का?

उत्तर : नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यत्वे धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून एकाच वाक्यात वगळल्या आहेत; येथे तरी सर्वांना एकच माप आहे. पण मुलांच्या पुढच्या वाटेचा विचार आपण स्वतः करावा. उज्जैनच्या महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाशी संलग्न होण्याविषयी पत्रव्यवहार करावा, म्हणजे मुलांना वेदभूषण आणि वेदविभूषण या परीक्षा देता येतील. संहितेच्या पाठाबरोबर गणित, इंग्रजी आणि विज्ञानाचा रोज एकेक तास ठेवावा. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधारची प्रत आणि पालकांचे लेखी संमतिपत्र फाइलमध्ये असू द्यावे, आणि मुले जेथे झोपतात त्या खोलीला दोन दारे आहेत ना, हे एकदा स्वतः जाऊन पाहावे.