अपडेटनंतर गेम बंद पडला, पासचे पैसे परत मिळतील का?

प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा आहे. घरी ब्लाउज, फॉल-पिकोची कामं करतात, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मुलगा १६ वर्षांचा. जून २०२५ मध्ये त्यांनी शहरातल्या एका दुकानातून ३२,५०० रुपयांना "गेमिंग पीसी" घेतला, गेमचं नाव दुकानदाराला सांगून घेतला, आणि तो म्हणाला चार-पाच वर्षं बघायला नको. गेम फुकट आहे, पण ऑगस्टपासून महिन्याला ३४९ ची मेंबरशिप ऑटोपेवर चालू केली, आणि भाऊबीजेला, २३ ऑक्टोबरला, भावाने घातलेल्या ओवाळणीतून मुलाला १,४९९ चा तीन महिन्यांचा सीझन पास, म्हणजे गेममधल्या जादा गोष्टी मिळवून देणारा पास, घेऊन दिला. २० नोव्हेंबरला अपडेट आला आणि गेम उघडेनाच, स्क्रीनवर एवढंच येतं की तुमचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, आता सपोर्टेड नाही. कंपनी म्हणते अटींमध्ये लिहिलंय की सिस्टिम रिक्वायरमेंट कधीही बदलू शकतात, रिफंड नाही. दुकानदार म्हणतो ३,५०० ची रॅम टाका, चालेल. शेजारचे म्हणतात सायबर पोलिसात जा. ताई विचारतात, इतक्याशा पैशांसाठी वकील करायचा का, आणि करायचाच तर कोणावर केस करायची.

ताई, सगळ्यात आधी, ती रॅम घेऊ नका. आत्ता नाही, कधीच नाही. कारण खाली सांगते.

तुम्ही पाठवलेले फोटो मी नीट बघितलेत. टास्क मॅनेजरच्या फोटोत प्रोसेसरचं नाव दिसतंय, आय फाईव्ह ३४७०. त्यातला पहिला आकडा ३ म्हणजे तिसरी जनरेशन, हा प्रोसेसर बाजारात आला २०१२ साली. नवीन गेम प्रोसेसरला दिलेल्या ज्या सूचनांवर चालतात त्यातला एक संच असतो एव्हीएक्स टू नावाचा, तो इंटेलच्या चौथ्या जनरेशनपासून म्हणजे २०१३ पासून आला, तुमच्या चिपमध्ये तो नाहीच आणि बाहेरून घालता येत नाही. कंपनीच्या मेलमध्ये हेच कारण दिलंय. म्हणजे रॅम ८ ची १६ करा नाहीतर ३२ करा, तो मेसेज जाणार नाही. दुकानदाराला हे कळत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आता कंपनीचं बघू. इथे बरेच जण चुकतात, तावातावाने लिहितात की माझ्या पीसीवर गेम चालायचा, तुम्ही तो बंद केलात, हा अन्याय आहे. वाईट वाटणं बरोबर आहे पण कायद्यात हा मुद्दा फार लंगडा आहे. जुन्या मशिनचा सपोर्ट काढणं हा काही गुन्हा नाही, सगळेच काढतात. स्टीम या गेम विकणाऱ्या प्लॅटफॉर्मने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ वर सपोर्ट बंद केला. बऱ्याच गेमना आता चीटिंग रोखायला टीपीएम (सुरक्षेची वेगळी चिप) आणि सिक्युअर बूट (कॉम्प्युटर सुरू होतानाची तपासणी) लागतं, जे जुन्या मदरबोर्डवर नसतं. त्यात तुमचा गेम फुकट, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये "सेवा" या शब्दाच्या व्याख्येतून मोफत दिलेली सेवा सरळ वगळलेली आहे. म्हणून "गेम परत चालू करून द्या" अशी मागणी घेऊन गेलात तर कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला हे कलम वाचून दाखवेल आणि तुम्ही तिथेच अडकाल.

पण पास फुकट नव्हता. मेंबरशिप फुकट नव्हती. मनोरंजन हे त्याच व्याख्येत नाव घेऊन सेवा म्हणून लिहिलेलं आहे, आणि पैसे मोजून घेतलं की तुम्ही ग्राहक झालात. तुमची केस उभी राहते ती दोन तारखांवर, आणि या दोन तारखा पाठ करा. कंपनीने आपल्या वेबसाइटवर जाहीर केलं १२ सप्टेंबरला, की २० नोव्हेंबरपासून जुने प्रोसेसर चालणार नाहीत. आणि तुमच्याकडून १,४९९ घेतले २३ ऑक्टोबरला. म्हणजे एक महिना अकरा दिवस आधीपासून त्यांना माहिती होतं की हा पास जानेवारीपर्यंतचा आहे आणि या मशिनवर तो चार आठवड्यांच्या वर चालणार नाही. गेम सुरू होताना तुमचा प्रोसेसर कोणता हे त्यांना कळतंच, कळतं म्हणून तर २० तारखेला बरोबर अडवलं ना. मग पास विकायच्या पानावर एक ओळ का नाही टाकली? मुलाने काढलेला खरेदीचा स्क्रीनशॉट मी मोठा करून बघितला, पासचं चित्र आहे, किंमत आहे, हिरवं बटण आहे, सूचना कुठेच नाही. महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवून ग्राहकाचं नुकसान करणं हे कायद्याप्रमाणे सेवेतली त्रुटी आहे, कलम २(११) वाचा. आपलं भांडण एवढंच ठेवायचं: बंद होणार हे ठरल्यानंतर, न सांगता पैसे घेतले.

मी हे हवेत बोलत नाहीये. २०२३ मध्ये काउंटर स्ट्राइक टू हा गेम आला तेव्हा व्हॉल्व्ह कंपनीने मॅकचा म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरचा आणि काही जुन्या पीसींचा सपोर्ट काढला, आणि जे लोक मुख्यतः मॅकवर खेळायचे त्यांना प्राइम अपग्रेडचे, म्हणजे त्या गेममधल्या विकतच्या सोयीचे, पैसे ठरावीक मुदतीत परत मागता येतील असं स्वतःहून जाहीर केलं. तिथेही प्रश्न पैसे दिलेल्या गोष्टीचाच होता. सोनीने १ एप्रिल २०१० ला एक अपडेट देऊन प्लेस्टेशन ३ या गेम खेळायच्या यंत्रावर लिनक्स (विंडोजसारखी दुसरी सिस्टिम) टाकायची सोय काढून घेतली, त्यावर अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि काही वर्षांनी कंपनीला तडजोड करून पैसे द्यावे लागले. ही उदाहरणं आपल्या ग्राहक आयोगावर बंधनकारक नाहीत, पण नोटिशीत व्हॉल्व्हचा दाखला जरूर घाला, म्हणजे "या धंद्यात असं कोणी करत नाही" हे म्हणायची सोय राहत नाही.

अटी मान्य केल्यात, तुम्ही टिक केलंय, हे ते म्हणणारच. घाबरू नका. अटींमध्ये लवादाचं (कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे जायचं) कलम असेल, वाद परदेशातल्या कोर्टात म्हणून लिहिलं असेल, तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगात जाता येतं हे सुप्रीम कोर्टाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग मध्ये २०१८ साली स्पष्ट केलंय. आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात, कंपनी कुठलीही असो. ई-कॉमर्स नियम २०२० हे डिजिटल वस्तूंना आणि भारतात विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागतात. एक काळजी मात्र घ्या, ती अट "अन्यायकारक करार" म्हणून रद्द करा अशी मागणी तक्रारीत टाकू नका, कारण तसल्या तक्रारी जिल्ह्यात चालत नाहीत, राज्य आयोगाकडे जाव्या लागतात, आणि दोन हजारांसाठी तिकडे जायचं काही कारण नाही.

किती मागायचं? पासचे १,४९९ पूर्ण मागा, आयोग कदाचित खेळलेले चार आठवडे वजा करेल, ते चालतं. १० डिसेंबरला कापलेले ३४९ पूर्ण मागा, गेम उघडतच नव्हता तेव्हा कापलेत. १० नोव्हेंबरच्या ३४९ मधले दहा दिवस तो खेळलाय, तेवढे सोडून मागा. ऑगस्ट ते ऑक्टोबरचे मागू नका, त्या महिन्यांत तो मनसोक्त खेळला आणि खरं तेवढंच मागितलं की समोरच्याला बोट दाखवायला जागा राहत नाही. मानसिक त्रास आणि खर्चाची रक्कम वेगळी लिहा, माफक लिहा.

आता दुकान. खरं सांगू का, मला जास्त राग इथेच आलाय, आणि तुमची मोठी रक्कमही इथेच आहे. तुमच्या बिलावर लिहिलंय "आय फाईव्ह, ८ जीबी, ५१२ एसएसडी, गेमिंग कॅबिनेट", त्यात १६ जीबी हाताने खोडून ८ केलंय. जनरेशन नाही, मॉडेल नंबर नाही, जुना-नवा काही नाही. काचेचं नवं कॅबिनेट, आत लाल-निळे फिरणारे पंखे, आणि मधोमध १३ वर्षांचा प्रोसेसर. मदरबोर्ड नवा कोरा असू शकतो, जुन्या चिपसाठीचे बोर्ड अजून नवे मिळतात, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं नवंच वाटतं. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) मध्ये नाव घेऊन सांगितलेली अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि तुम्ही गेमचं नाव सांगून, त्याच्या माहितीवर विश्वास ठेवून घेतलंत, तर वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे ही जबाबदारी विक्रेत्यावर येते, हे १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे, शंभर वर्षांजवळ आलं या कायद्याला.

त्यात अजून एक. त्याने तो पीसी विंडोज १० टाकून दिला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे मायक्रोसॉफ्टने कितीतरी आधी जाहीर केलेलं, आणि तुमची चिप विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, तिथे इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे जूनमध्ये "चार-पाच वर्षं बघायला नको" म्हणताना त्या मशिनच्या विंडोजला चार महिने उरले होते. रोज कॉम्प्युटर विकणाऱ्या माणसाला हे माहिती नव्हतं असं आयोगासमोर म्हणणं सोपं नाही.

बिलाखालचं "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" वाचून तुम्ही गप्प बसलात असं लिहिलंय. त्या छापील ओळीने सदोष मालाची जबाबदारी संपत नाही. तुम्ही फोनवर बोललात पण व्हॉट्सॲपवरही त्याने "हा गेम मक्खन चालेल ताई" असं लिहून पाठवलंय ना, तो मेसेज सोन्यासारखा जपा. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, बदललाच तर जुना ठेवून द्या. कुठल्याही दुसऱ्या जाणकाराकडून आतला प्रोसेसर काय आहे ते साध्या कागदावर सही-शिक्क्यासह लिहून घ्या, आणि त्याच्या दुकानात कॅबिनेट दुरुस्तीला सोडू नका, आतलं काही बदललं तर पुरावा गेला. स्क्रीनशॉटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (डिजिटल पुरावा खरा असल्याचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा नमुना मी देईन.

दोन्ही तक्रारी वेगळ्या करा. एकाच तक्रारीत दोघांना ओढलं तर दुकानदार म्हणेल चूक गेमवाल्यांची आणि ते म्हणतील चूक मशिनची, आणि तुम्ही मधल्या मधे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दोघांचीही नोंद करा, मराठीत बोलता येतं. गेम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निपटारा करायचा असतो. पैसे कोणत्या नावाने कापले गेले ते यूपीआयच्या पावतीवर बघा, नोटिशीत ते नावही लिहा. दुकानदाराला स्पीड पोस्टाने साधी मराठीत नोटीस, १५ दिवसांची मुदत, पीसी घेऊन जा आणि ३२,५०० परत द्या. यातल्या निम्म्या गोष्टी नोटिशीवरच मिटतात, दुकानदाराला गिऱ्हाईक आणि नाव दोन्ही सांभाळायचं असतं.

नाही मिटलं तर ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार, ५ लाखांपर्यंत फी शून्य, वकील लागतोच असं नाही. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर १५ वाढवून मिळतात, त्यापुढे नाही. निकालाला कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, वर्षही जाऊ शकतं, हे आधीच मनाशी धरून चला. मुदत दोन वर्षांची आहे, दुकानदाराविरुद्ध जून २०२५ पासून मोजा, त्यामुळे घाई नाही पण "बघू पुढच्या वर्षी" असंही करू नका. तक्रार तुमच्या नावाने, पैसे तुमचे आहेत, मुलगा तुमच्या संमतीने वापरणारा.

सायबर पोलिसांकडे जायचं कारण नाही, १९३० हा नंबर पैसे फसवून काढून घेतल्यावरचा आहे, इथे तुम्ही स्वतः दिलेत. शेजारी म्हणाले ऑनलाइन गेमिंग कायद्यानेच बंद झालंय, तर २०२५ चा तो कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, मुलाच्या गेमला तो आडवा येत नाही. आणि मुलाला सांगा, प्रोसेसरची तपासणी चुकवणाऱ्या फाइल्स कोणी पाठवल्या तर टाकू नको, अकाउंट कायमचं जाईल आणि वर कॉम्प्युटरमध्ये काय शिरेल सांगता येत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तो आता तुमच्याशी धड बोलत नाही, त्याला वाटतं आईने स्वस्तातला घेतला. त्याला बिल आणि तो व्हॉट्सॲप मेसेज शेजारी शेजारी ठेवून दाखवा. तुम्ही विचारून, नाव सांगून, रोख मोजून घेतलंय. आणि आज रात्रीच यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे बंद करा, नाहीतर १० जानेवारीला अजून ३४९ जातील.