रवांडात तरुणांची संख्या इतकी का वाढली?

तुमचा प्रश्न असा आहे: 1994 च्या हत्याकांडात एवढी माणसं मारली गेली, तरी रवांडासारख्या चिमुकल्या देशात आज जिकडे तिकडे तरुणच कसे दिसतात? तिथे अजून घरटी सात-आठ मुलं होतात का?

मी रवांडाच्या राजधानीत, किगालीत, पाच वर्षं एका भारतीय मालकाच्या हार्डवेअरच्या दुकानात हिशेब पाहत होते. गिऱ्हाईक बहुतेक विशी-बाविशीतलं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता आकड्यांचा नाही.

सात-आठ मुलांचं आधी सांगते, कारण हा गैरसमज फार पसरलाय. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बाईमागे सरासरी आठहून जास्त मुलं होती, हे खरं. 2005 मध्ये ती 6.1 होती आणि 2019-20 च्या पाहणीत 4.1 वर आली. पाळणा लांबवण्याची आधुनिक साधनं वापरणाऱ्या विवाहित स्त्रिया 2005 मध्ये शंभरात दहा होत्या, पंधरा वर्षांत त्या अठ्ठावन्न झाल्या. एवढ्या कमी वेळात एवढा बदल फार थोड्या देशांना जमलाय.

मग तरुण आले कुठून? ते जगले म्हणून आहेत. 2000 च्या सुमाराला तिथे जन्मलेल्या हजार मुलांपैकी 196 पाचव्या वाढदिवसाआधी दगावत होती, म्हणजे पाचातलं जवळपास एक. 2019-20 मध्ये हा आकडा 45 वर आला. यामागे कुठलं मोठं हॉस्पिटल नव्हतं. प्रत्येक उमुदुगुदुत, म्हणजे वाडीत, गावकऱ्यांनीच निवडलेले आरोग्यसेवक असतात. ताप, जुलाब, न्यूमोनियाची पहिली गोळी तेच देतात. सोबत मच्छरदाण्या, लसी आणि 'म्युत्युएल' नावाचा आरोग्य विमा. मी होते तेव्हा बहुतेकांना त्याचे माणशी वर्षाला 3,000 फ्रँक भरावे लागत. आमच्या दुकानातला हमालसुद्धा नवीन वर्षाचा हप्ता भरायची वेळ आली की आधी ते पैसे बाजूला काढायचा, मग बाकीचा खर्च.

हत्याकांडाबद्दल लिहिताना हात जड होतो. एप्रिल ते जुलै, शंभर दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसं मारली गेली, बहुतेक अल्पसंख्य तुत्सी समाजाची. पण ते थांबल्यावर लगेच, 1959 पासून युगांडा, बुरुंडी, काँगोत निर्वासित म्हणून राहिलेली तुत्सी कुटुंबं मायदेशी परतू लागली. 1994 मध्ये देश सोडून पळालेले बहुसंख्य हुतू समाजाचे लाखो लोकही 1996-97 मध्ये परत आले. म्हणून 1991 ला 71 लाख असलेली लोकसंख्या 2002 च्या जनगणनेत कमी झालेली दिसत नाही, उलट 81 लाख भरते. 2022 मध्ये ती 1 कोटी 32 लाख झाली. साधारण निम्मे लोक विशीच्या आतले.

एक गणित इथे लक्षात घ्यायला हवं. 2002 मध्ये जन्मलेली आणि जगलेली मुलगी आता स्वतः आई व्हायच्या वयात आहे, आणि तिच्यासारख्या मुली आधीच्या पिढीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. प्रत्येकीने आईपेक्षा निम्मी मुलं होऊ दिली तरी एकूण जन्म लगेच कमी होत नाहीत. म्हणजे तरुणांचा हा लोंढा अजून दोन दशकं तरी ओसरणार नाही. यात त्या मुलींचा काही दोष नाही. 'लोकसंख्येचा स्फोट' असले शब्द वाचले की मला म्हणूनच राग येतो.

खरी अडचण जागेची. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले की जवळपास रवांडाएवढं क्षेत्रफळ होतं, आणि 2011 ला या दोन जिल्ह्यांत मिळून 1 कोटी 24 लाख लोक होते. म्हणजे दाटी साधारण सारखीच. पण पुण्याला कारखाने आहेत, कंपन्या आहेत. रवांडात दहातले सात लोक अजून खेड्यात, डोंगरउतारावरच्या शेतावर जगतात. शेत कुटुंबामागे एक हेक्टरसुद्धा नाही. 1999 च्या कायद्याने मुलींनाही वाटा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण चार भावंडांत वाटण्या झाल्या की हातात केळीची थोडी झाडं आणि घेवड्याचे दोन वाफे उरतात.

आणि घर बांधल्याशिवाय मुलाला लग्न करता येत नाही, असा तिथला रिवाज. गवताची छपरं सरकारने 2011 च्या सुमाराला मोहीम काढून हटवली, त्यामुळे छपराला पत्रे किंवा कौलंच लागतात. भिंतींच्या रुकाराकारा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, मुलगा स्वतः पाडतो. पत्रे मात्र विकतच घ्यावे लागतात.

असा एक मुलगा आमच्याकडे यायचा. उत्तरेकडच्या एका खेड्यातून किगालीत येऊन भाड्याची मोटो चालवायचा, म्हणजे मोटरसायकलची टॅक्सी. बारावी पास, इंग्रजी माझ्याइतकंच चांगलं. दोन खोल्यांना 30 गेजचे तीस पत्रे लागणार, हा हिशेब त्याला पाठ होता. महिनाअखेरीला यायचा आणि जमले तर दोन, नाहीतर एका पत्र्याचे पैसे भरायचा. एका वहीत आम्ही त्याच्या नावाचं पान ठेवलं होतं. पत्रे आमच्याच गोदामात राहायचे, कारण गावी भिंती उभ्या होत्या पण राखायला कोणी नव्हतं. त्याची मैत्रीण कधी सोबत आली तर पान उलटून आधी आकडा बघायची. दोघांना मुलं किती हवीत, असं मी एकदा विचारलं होतं. दोघांनी एकदमच बोटं वर केली, त्याची तीन आणि तिची दोन.

मी परत आले तेव्हा त्या पानावर एकोणीस पत्रे जमा होते.