आईची उंची १४५ सेंमी, वजन ४२ किलो आहे. महाधमनीच्या झडपेच्या जागी १९ नंबरची कृत्रिम झडप पुरेल का?

बहुधा पुरेल, पण नुसत्या नंबरावर ठरवू नका. १९ म्हणजे मिलिमीटरमधलं माप. रक्त जायला प्रत्यक्ष किती वाट मिळते ते प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. त्या वाटेच्या मापाला शरीराच्या पृष्ठफळाने भागून पाहतात. भागाकार ०.८५ च्या वर असेल तर झडप अंगाला पुरेशी, ०.६५ च्या खाली गेला तर फारच अपुरी. आईंचं पृष्ठफळ साधारण १.३ चौरस मीटर येतं, म्हणजे किमान १.१ चौरस सेंमी वाट हवी. झडप अंगाच्या मानाने लहान पडण्याचा हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रहिमतुला यांनी १९७८ मध्ये मांडला, आणि आज सर्जन शस्त्रक्रियेआधीच हा हिशोब करतात. म्हणून बिनधास्त विचारा: "या मॉडेलचा ईओए (रक्त जायची प्रत्यक्ष वाट) किती?" आकडा कमी पडत असेल तर पर्याय आहेत:

- महाधमनीचं मूळ पॅच लावून रुंद करणं
- जास्त वाट देणारं दुसरं मॉडेल
- टावी (छाती न उघडता नळीवाटे झडप बसवणं), वय आणि सीटी स्कॅन पाहून

मात्र हृदयाचं पंपिंग आधीच कमी झालं असेल, तर थोडी तूटही जड जाते. तेव्हा आईंचा इको रिपोर्ट समोर ठेवूनच बोला.