रंगशंका : कालवा, गोंडोला आणि पाण्यावरचं ऊन

प्रश्न : व्हेनिसमध्ये काढलेल्या फोटोवरून १६ × २० इंचांच्या कॅनव्हासवर तैलरंगात अरुंद कालवा रंगवते आहे. पाण्यावरचं ऊन खडू फासल्यासारखं दिसतं. पांढरा वाढवला की आणखीच बिघडतं. (एक वाचक, सांगली)

उत्तर : बहुधा तुमचं बाकीचं पाणीच फिकट झालंय. मग उन्हाला उजळायला जागा कुठली उरणार? त्यात टिटॅनियम व्हाइट मिसळला की रंग नुसता फिका होत नाही, थंडही पडतो.

पाण्याचा रंग ओला असेल तर पॅलेट नाइफने (रंग मिसळायच्या सुरीने) खरवडून टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसून घ्या. सुकला असेल तर त्यावरच काम करा. डोळे किलकिले करून फोटो पाहा. अरुंद कालव्यात आभाळ थोडं आणि सावलीतल्या भिंतीच जास्त उतरतात, त्यामुळे पाणी वाटतं त्याहून बरंच गडद असतं. अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि किंचित व्हिरिडियन (निळसर हिरवा) यांतून तो गढूळ हिरवा मिळतो. पांढरा अजिबात नको. त्यावर उन्हातल्या भिंतीचं प्रतिबिंब यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोड्या कॅडमियम ऑरेंजने, खऱ्या भिंतीपेक्षा एक छटा गडद. चित्रातली ऊब खरं तर या पट्ट्यातून येते, चमकेतून नव्हे.

चमक अगदी शेवटी, खालचा थर हाताला सुकल्यावर. वाटाण्याएवढ्या टिटॅनियम व्हाइटमध्ये कॅडमियम यलोचा कण, टर्पेंटाइन न घालता. फ्लॅट ब्रशची कड भरा, आडवी टेकवा, उचला, चिंधीला पुसा, पुन्हा भरा. ओल्या हिरव्यावर एकाच ब्रशने चार फटकारे मारले की हिरवा पांढऱ्यात चढतो आणि तोच खडू परत येतो. ठिपके सूर्याच्या खालच्या पट्ट्यातच द्या. एवढ्या कॅनव्हासला पंधरा-वीस पुरे.

प्रश्न : गोंडोलाचं, म्हणजे व्हेनिसच्या लांबट काळ्या नावेचं, प्रतिबिंब चिकटवल्यासारखं वाटतं. नाव वाकडी दिसत होती, ती मी सरळ करून घेतली. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ती पुन्हा वाकडी करा! सुमारे ११ मीटर लांबीच्या गोंडोलाची डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटीमीटर रुंद बांधतात, कारण नावाडी मागे डावीकडे उभा राहून उजवीकडे वल्हं मारतो. रिकामी नाव उजवीकडे कलतेच.

प्रतिबिंब म्हणजे उलटी केलेली नाव नव्हे. आपण वरून पाहतो तेव्हा नावेचा आतला भाग दिसतो. पाण्यात मात्र तिच्या उचललेल्या टोकाची खालची बाजू दिसते. ती काढलीत की नाव पाण्यावर बसते. प्रत्येक बिंदू बरोबर त्याच्याखाली उभ्या रेषेत उतरवा. डावीकडे कललेल्या खांबाचं प्रतिबिंबही डावीकडेच कलतं. काळी नाव पाण्यात थोडी उजळ आणि हिरवट दिसते, फिकट वस्तू थोडी गडद. रंग ओला असतानाच उभे फटकारे द्या, मग कोरडा ब्रश एकदाच आडवा फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलात तर चिखल होतो. नावेच्या काळ्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घ्या. आयव्हरी ब्लॅक फार हळू सुकतो, त्यावरचा लवकर सुकणारा थर पुढे तडकतो.

प्रश्न : जागेवर बसून रंगवताना ऊन सरकतं. कोणत्या वेळेचं धरावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा आखा आणि त्या बदलू नका. दोन तासांनी थांबा, उरलेलं दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. १९०८ च्या शरद ऋतूत व्हेनिसला आलेला फ्रेंच चित्रकार क्लोद मोने ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसायचा, वेळ सरली की दुसरा कॅनव्हास घ्यायचा. ती चित्रं त्याने पुढे फ्रान्समधल्या जिव्हर्नीच्या घरी पुरी केली आणि १९१२ मध्ये पॅरिसला मांडली.