पोटॅशियम : आकडा कोणता मानावा?

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे असून रक्तदाब किंचित वाढलेला आहे; औषध अद्याप सुरू केलेले नाही. पोटॅशियमची रोजची गरज एका ठिकाणी ४७०० मिलिग्रॅम, तर दुसऱ्या ठिकाणी सुमारे ३५०० मिलिग्रॅम दिलेली आढळली. यांपैकी कोणता आकडा मानावा? रक्ततपासणीत पोटॅशियम ४.२ आले आहे. म्हणजे ते आहारातून पुरेसे मिळते असे समजावे का? – एक वाचिका

उत्तर : ४७०० हा अमेरिकेतील जुन्या शिफारशीचा आकडा आहे. २०१९ मध्ये तो बदलून प्रौढ पुरुषांसाठी ३४०० आणि स्त्रियांसाठी २६०० मिलिग्रॅम करण्यात आला. मात्र हे नवे आकडे निरोगी माणसे प्रत्यक्षात किती पोटॅशियम घेतात यावरून ठरवलेले आहेत, रक्तदाबाचा विचार करून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये प्रौढांसाठी किमान ३५१० मिलिग्रॅमची शिफारस केली, ती रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका लक्षात घेऊन. त्यामुळे आपण हाच आकडा नजरेसमोर ठेवावा, असे मला वाटते.

रक्ततपासणीवरून मात्र आहाराचा अंदाज बांधता येत नाही. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते, आणि रक्तातील उरलेला अल्पसा अंश मूत्रपिंडे ३.५ ते ५ या मर्यादेत काटेकोरपणे राखतात. म्हणून आहारात कमतरता असली तरी अहवाल बहुधा निर्दोषच येतो.

केळ्याचे नाव यासंदर्भात फार गाजले आहे, पण मध्यम आकाराच्या एका केळ्यातून जेमतेम ४२० मिलिग्रॅम मिळते. कडधान्ये, सालासकट बटाटा, पालेभाज्या आणि दही यांवर अधिक भर द्यावा, आणि भाजी उकडलेले पाणी फेकू नये, कारण बरेचसे पोटॅशियम त्यात उतरते. सोबत मीठ कमी केले, तर रक्तदाबावर अधिक चांगला परिणाम दिसतो.

हा सल्ला मूत्रपिंडे सुस्थितीत असलेल्यांसाठी आहे. ती अशक्त असतील, तर साठलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकते. रक्तदाबाची काही औषधेही ते वाढवतात, आणि ‘कमी सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. म्हणून असे मीठ किंवा पूरक गोळ्या सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिनची (मूत्रपिंडांचे काम कसे चालते हे दाखवणारी) रक्ततपासणी करून घ्यावी आणि पुढे औषध सुरू झाल्यास डॉक्टरांना या मिठाबद्दल किंवा गोळ्यांबद्दल आवर्जून सांगावे.